जुनी चिठ्ठी काढायची नाही

सकाळी ८.२५
धायरी फाट्यावर बस भरूनच येते. मावशी पाण्याच्या बादल्या भरून, तीन डबे करून निघालेल्या असतात, त्यामुळे बसायला जागा मिळाली नाही तरी त्यांना खांबाला टेकून डुलकी लागते. तिकीट वीस रुपये. जायला वीस, यायला वीस. एकाच बसने काम भागतं, याचं त्यांना समाधान आहे.

डेक्कनच्या बाजूला एका वनस्पतिसंग्रहालयात त्या कामाला आहेत. तिथे सगळे त्याला हर्बेरियम म्हणतात, मावशीही. शेजारणींना मात्र त्या 'झाडांच्या ऑफिसात' असं सांगतात. कागदावर हुद्दा मदतनीस, कंत्राटी. फंड कापून हातात तेरा हजार चारशे पडतात. काम वाळलेली झाडं कागदावर शिवायचं. सतरा वर्षं झाली.

सकाळी ९.१५
कुलूप उघडलं की आधी वास येतो. डांबरगोळ्यांचा, जुन्या कागदाचा, आणि त्या दोन्हींच्या तळाशी गवताच्या गंजीचा. पोलादी कपाटं ओळीने उभी. कपाटात खण, खणात जाड कागदाची घडी, घडीत शीट. शीट म्हणजे ४२ सेंटिमीटर उंच, २८ सेंटिमीटर रुंद असा पांढरा जाड कागद आणि त्यावर एक वाळलेलं झाड. मुळापासून फुलापर्यंत. झाडाला नाव द्यायचं किंवा दिलेलं नाव तपासायचं, तर त्याचा पुरावा म्हणजे हा कागद.

जुन्या शीटांवर करडे डाग दिसतात. त्या काळी कीड लागू नये म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढत. जहाल विष. म्हणून त्या कपाटांपाशी हातमोजे. महिन्याला एक जोडी मिळते आणि ती वीस दिवसांत फाटते. नवे नमुने आता विषात बुडवत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंशाच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवतात. मावशी फ्रीजरचं दार उघडून आकडा बघतात, वहीत लिहितात, सही करतात.

सकाळी ९.४०
पहिलं काम पेपर बदलण्याचं. सप्टेंबरचा शेवट आहे. कातळाचे सडे फुललेले, संशोधक मुलं शनिवार-रविवार डोंगरात, आणि सोमवारी इथे प्रेसांची चळत. प्रेस म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मधे वर्तमानपत्रांच्या घड्यांत झाडं, बाहेरून आवळलेला पट्टा. आत ओल राहिली की बुरशी आलीच. पावसाळी हवेत तर रोज कागद बदलावे लागतात. मावशी पट्टा सोडतात, ओली घडी उघडतात, कोरडी घडी वरून ठेवतात, सगळं पालथं घालतात आणि ओली उचलतात. झाडाला बोट लागत नाही.

"झाड हलवायचं नाही. कागद हलवायचा."

रद्दी किलोला पंधरा रुपयांनी येते. मावशी रद्दीवाल्याशी एकाच गोष्टीवरून भांडतात. त्याने गुळगुळीत पुरवण्या मधे घालायच्या नाहीत. रंगीत चकचकीत कागद पाणी पीत नाही. मराठी वर्तमानपत्रांची साधी पानं सगळ्यांत उत्तम. आम्हा बातम्या लिहिणाऱ्यांच्या लेखनाचा कुठे तरी खात्रीने उपयोग होतो, हे मला इथे कळलं.

प्रत्येक झाडाला दोऱ्याने बांधलेली बोटभर चिठ्ठी असते. तिच्यावर फक्त आकडा. बाकी सगळं संग्राहकाच्या वहीत त्या आकड्यापुढे: गाव, तारीख, उंची, जमीन ओली की खडकाळ, फुलाचा रंग. रंग लिहावाच लागतो. वाळल्यावर निळं फूल पांढुरकं होतं, पिवळं तपकिरी. आकड्याची चिठ्ठी हरवली तर झाड कचरा. मावशींनी असा कचरा सतरा वर्षांत दोनदा झालेला पाहिलाय. एकदा चूक त्यांची होती, हे त्या स्वतःहून सांगतात.

मांसल झाडांचा त्यांना राग आहे. ती दाबात घातली तरी आठवडे मरत नाहीत. आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढावी लागतात. "एकाने पेपरात राहून नवं पान काढलं होतं," मावशी म्हणतात. स्वरात तक्रार आहे, पण थोडं कौतुकही.

सकाळी १०.५०
आता शिवण. टेबलावर काच, काचेवर पाण्यात सैल केलेल्या फेव्हिकॉलचा पातळ हात. झाड अलगद काचेवर टेकवायचं, पाठ ओली झाली की उचलून शीटवर. उचलल्यावर विचार करायला वेळ नसतो. जागा आधी ठरवून ठेवायची. उजव्या हाताला खाली लेबलची जागा सोडायची. वर एका कोपऱ्यात कागदाची छोटी पुडी चिकटवायची. गळालेलं बी, सुटं फूल तिच्यात. एक तरी पान उलटं लावायचं, कारण पानाच्या पाठीवरची लव बघायला कोणीतरी येणार असतं. उंच झाड कागदात मावत नसेल तर वाळवतानाच मोडून इंग्रजी व्ही किंवा एनसारखं केलेलं असतं. छाटायचं नाही. मूळ राहिलं पाहिजे.

मग सुई. जाड देठ नुसत्या गोंदावर राहत नाही. पक्का पांढरा दोरा, देठाच्या अलीकडून खाली, पलीकडून वर, पाठीमागे गाठ. दोन टाक्यांमध्ये चार बोटं. पाठीमागच्या गाठींवर कागदाची पट्टी, नाहीतर खालच्या शीटवरचं फूल गाठीत अडकून तुटतं. दोरा मावशी रविवार पेठेतून आणतात. रीळ तीस रुपयांचं. बिल दिलं की पैसे मिळतात, दोन-तीन महिन्यांनी.

कोरी शीट अठरा रुपयांची. त्यामुळे चुकायचं नाही.

आज पहिल्यांदा कुसळी गवत आहे. त्याची कुसळं एकमेकांत पीळ घालून बसलेली. सोडवायला गेलं की बोटात घुसतात. गवत एनसारखं दुमडलेलं, तीन ठिकाणी टाका. त्यानंतर तेरडा. तेरड्याची पाकळी वाळल्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ होते. तिथे सुई नाही, गोंदही नखाएवढाच. एका शीटला कधी दहा मिनिटं, कधी चाळीस. शिवून झालं की वर मेणकागद आणि वाळूच्या पिशव्या. पिशव्या मावशींनीच जुन्या चादरीच्या शिवल्यात.

मी एक शीट करून बघितली. टाक्याला देठ तुटला. मावशी काही बोलल्या नाहीत. तुटलेला तुकडा पुडीत घातला आणि सुई परत घेतली.

दुपारी १२.१५
लेबलं छापून येतात. मावशी डिंक लावतात, पण लावण्याआधी वाचतात. त्यांचं शिक्षण नववीपर्यंत. लॅटिन कोणी शिकवलं नाही. तरी चूक पकडतात, आणि हर्बेरियम सांभाळणाऱ्या मॅडमना विचारतात.

"मॅडम, ह्याचं शेपूट बरोबर आहे का?"

शेपूट म्हणजे दुसऱ्या शब्दाचा शेवट. नाव दोन शब्दांचं. ही पद्धत सगळीकडे सारखी लावली लिनियसने, आणि वनस्पतींच्या नावांचा हिशेब त्याच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरतात. प्राण्यांचा १७५८पासून. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. इथे एक कुरकुर करून घेतो. शाळेच्या पुस्तकात सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असा उतरता क्रम आहे. आम्ही बातम्या लिहिणारे मात्र जातीला बेधडक प्रजाती म्हणतो. बहुधा 'जात' शब्द लिहायला बोट अडखळतं. मॅडमनी मला पहिल्या पाच मिनिटांत त्यावरून झापलं.

तर शेपूट. लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, आणि विशेषण नामाच्या लिंगाने चालतं. काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर. तसा मुळा रॅफॅनस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, वाटाणा पायसम सटायव्हम. शब्द एकच, लागवडीचा, लागवडीची, लागवडीचं. इंग्रज माणसाला हे पाठ करावं लागतं. मावशींना ते कानाने कळतं. 'आ'शेजारी 'अस' आलं की त्या थांबतात. नेहमी त्या बरोबरच असतात असं नाही; लॅटिनमध्येही लिंगाचे घोटाळे आहेत. पण मॅडम दरवेळी पुस्तक काढून बघतात.

काही शेपटं त्यांना अर्थासकट येतात. सह्याद्रिका म्हणजे सह्याद्रीतली. कोंकानेन्सिस म्हणजे कोकणातली. माणसाचं नाव दिलं असेल तर बहुतेकदा पुरुषाला 'आय', बाईला 'ए', नाहीतर त्या नावाचंच विशेषण. विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाला २०२५मध्ये सेरोपेजिया शिवरायियाना असं नाव मिळालं, तेव्हा ते मावशींनी घरी मुलाला म्हणून दाखवलं. आणि कारवी. ब्रेमेकाम्प नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९४४ साली तिच्यासाठी वेगळी प्रजाती केली आणि नाव ठेवलं कार्विया. आपलाच शब्द. पुढे लोकांनी ती प्रजाती मोडून कारवीला परत स्ट्रोबिलँथिसमध्ये घातलं.

"चांगलं होतं की," मावशी म्हणतात. "उगाच काढलं."

दुपारी १.२०
डबा. भात-डाळ, पोळी, गवारीची भाजी. हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय त्या डब्याला शिवत नाहीत. आणि डबा या खोलीत खायचा नाही, जिन्याखाली खायचा. इथे खरकटं सांडलं तर मुंग्या येतील, मुंग्यांमागून झुरळं.

"गवारीचं नाव सायामॉप्सिस," त्या घास घेता घेता सांगतात. "पुढचा शब्द लांबडा आहे. चौकोनी शेंगेची, असा अर्थ."

नावांवरून त्या स्वतःच्या नावावर आल्या. त्यांची दोन नावं आहेत. दोन्ही इथे लिहायची नाहीत असं त्यांनी सांगितलंय. लग्नात सासरी नाव बदललं, कारण घरात त्याच नावाची थोरली जाऊ आधीच होती. एका हाकेला दोघी धावायला नकोत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव राहिलं, आधारवर सासरचं आलं, फंडाच्या खात्यात कोणीतरी तिसरंच स्पेलिंग घातलं. मागच्या वर्षी मुलाच्या फीसाठी फंडातले पैसे काढायला गेल्या तर ही बाई तीच आहे कशावरून, असा प्रश्न. प्रतिज्ञापत्र, नोटरी, झेरॉक्स, दोन दिवसांचा खाडा. बाराशेच्या वर गेले. पैसे पाचव्या महिन्यात आले.

दुपारी २.१०
तयार शीटा जागेवर लावायच्या. कपाटांचा क्रम बेंथम आणि हूकर यांच्या पद्धतीने. त्यांचा ग्रंथ १८६२ ते १८८३ या काळात निघाला आणि भारतातली बहुतेक हर्बेरियमं अजून त्याच क्रमाने लावलेली आहेत. गवतं अगदी शेवटी. म्हणजे कुसळी घेऊन मावशींना खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं.

पुस्तकातला क्रम मात्र कधीच बदललाय. १९९८पासून डीएनए बघून कुलांची नवी मांडणी आली. रुईचं कुल कण्हेरीच्या कुलात विलीन झालं. लिलीचं मोठं घर फुटलं: कळलावी एकीकडे गेली, मुसळी शतावरीच्या घरात गेली. कपाटं जिथल्या तिथे. कपाट हलवायला चार माणसं लागतात. नाव हलवायला एक पेपर पुरतो.

हलवलेलं नाव शीटवर येतं ते चिठ्ठीने. तज्ज्ञ येतो, भिंगातून बघतो, बोटभर कागदावर नवं नाव, स्वतःचं नाव, साल लिहितो. मावशी ती चिठ्ठी जुन्या लेबलच्या वर चिकटवतात. वर म्हणजे वरच्या बाजूला. जुन्यावर नाही.

"जुनी चिठ्ठी काढायची नाही. खोडायचीही नाही. चुकीची असली तरी."

बाभळीच्या घडीत मी हे पाहिलं. सगळ्या लेबलांवर अकेशिया, आणि वर नव्या चिठ्ठ्या: व्हॅचेलिया. खैराच्या घडीत सेनेगालिया. अकेशिया हा मोठा गोतावळा फोडायचं ठरलं, तेव्हा मूळ नाव कोणाकडे राहणार हा प्रश्न आला. नियमाने ते बाभळीचं होतं. पण ऑस्ट्रेलियात त्या गोतावळ्याच्या हजाराच्या आसपास जाती. एवढ्यांची नावं बदलण्यापेक्षा आफ्रिका-आशियातल्या थोड्यांची बदललेली बरी, असं २००५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत ठरलं. २०११ साली मेलबर्नला पुन्हा भांडण झालं, निर्णय टिकला. मावशींच्या वाट्याला त्यातून दीडएकशे चिठ्ठ्या चिकटवायचं काम आलं.

मग शिंदळ माकडी. मॅडमनी मुद्दाम काढून दाखवली. जुन्नरकडच्या कड्यांवर उगवणारी, मांसल, तपकिरी-जांभळ्या चांदणीसारख्या फुलाची, चांदणीत पिवळे ठिपके. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने १८६०च्या दशकात तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका म्हटलं. पहिली चिठ्ठी ती. १९५८ साली रॉली यांनी तिला कॅरॅलुमा प्रजातीत नेलं. पण तिथे कॅरॅलुमा इंडिका नावाचं दुसरं झाड आधीच होतं. एका प्रजातीत एका नावाच्या दोघी चालत नाहीत. म्हणून झाली कॅरॅलुमा फ्रेराय. दुसरी चिठ्ठी. नंतर बाउसेरोशिया फ्रेराय. तिसरी. आणि २०१७पासून हे सगळंच घराणं कंदीलपुष्पांच्या सेरोपेजियात घालावं असं काही जण म्हणतात. शीटवर अजून जागा आहे.

मावशी डिंकाची बाटली घेऊन मागे उभ्या होत्या.

"म्हणजे जाऊ होती," त्या म्हणाल्या.

दुपारी ३.४०
चहा. कटिंग दहा रुपये, मावशींच्या चहाचे पैसे एक संशोधक मुलगी देते. मुलगी सूक्ष्मदर्शकापुढे सकाळपासून वाकलेली. तिच्या बशीत गेंद. सड्यावरच्या ओल्या जागी पांढऱ्या गुंड्यांसारखं फुलतं ते. एकेका गुंडीत टाचणीच्या टोकाएवढी डझनावारी फुलं, नराची आणि मादीची. नराच्या फुलातले परागकोश काळे की पांढरे, मादीच्या फुलाला पाकळ्यांखाली काय आहे, बियांच्या सालीवर कसली नक्षी, यावर जात ठरते. सुईने एक फूल सोडवायला तिला पाव तास लागतो. शिंक आली तर पुन्हा पहिल्यापासून.

शेजारी किल्ली उघडी आहे. किल्ली म्हणजे प्रश्नांची जोडओळ. परागकोश काळे असतील तर पुढे चौदाव्यावर जा, पांढरे असतील तर नवव्यावर. मुलगी तीन वेळा तिच्यातून गेली आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा ग्रंथ, १९०१ ते १९०८मधला, तोही उघडा आहे. कुक पुण्यातच होते, सायन्स कॉलेजचे प्राचार्य.

"नवीन असेल का?" मी विचारतो.

मुलगी हसत नाही. "नवीन नाही, हे सिद्ध करायचा आधी प्रयत्न करायचा असतो."

दुपारी ४.२५
त्यासाठी टाइप बघायचे. टाइपांचं कपाट वेगळं, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. त्याच्या घड्यांना लाल कड. नवी जात जाहीर करताना एक नमुना नेमून द्यावा लागतो, तोच टाइप, आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला तेही छापावं लागतं. वर्णन लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत. २०१२च्या आधी लॅटिनच लागायचं. पुढे कितीही वाद झाले तरी ते नाव त्या एका शीटला बांधलेलं राहतं. झाडाची व्याख्या बदलेल, चिठ्ठ्या वाढतील, पण नाव कोणाचं, तर ह्या कागदावरच्या ह्या झाडाचं.

मुलगी लाल घडी उघडते. दोन गेंद शेजारी ठेवते. उलथेपालथे करत नाही. शीट पालथी घालायची इथे मनाई आहे. मावशी लांबून बघतात. झाड बघत नाहीत, टाके बघतात.

"हा माझाच," त्या म्हणतात. "तेव्हा मी गाठ डावीकडे घ्यायचे."

लेबलवर संग्राहकाची ओळ आहे, ओळखणाऱ्याची आहे, तारखेची, गावाची, उंचीची. शिवणाऱ्याची नाही.

पाच वाजत आले तरी मुलीचं ठरत नाही. बी जुळतं, परागकोश जुळत नाहीत. काही नमुने अजून कोवळे आहेत. पिकलेल्या बीसाठी पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच सड्यावर जावं लागेल. तिच्या स्कूटरचं पेट्रोल, एका माणसाचा नाष्टा. ते ती स्वतःच्या फेलोशिपमधून घालते, आणि फेलोशिप चार महिने आलेली नाही.

सायंकाळी ५.१०
वाळलेला गेंद मात्र आजच शिवायचा. झुपका इवलासा. पाच दांडे, पाच गुंड्या, तळाशी गवतासारखी पानं. गोंदाचे सहा ठिपके, दांड्यांना मिळून एकच टाका. पुडीत चार गुंड्या सुट्या, पुढे कोणी फोडून बघेल म्हणून. लेबलवर पहिला शब्द छापलेला: एरिओकॉलॉन. दुसऱ्या शब्दाच्या जागी 'एसपी.' म्हणजे कुठली तरी एक जात. अशा शीटा प्रजातीच्या सगळ्यात शेवटच्या घडीत जातात. गेंदाच्या त्या घडीत आधीच अकरा आहेत. सगळ्यात जुनी मावशी कामाला लागायच्या आधीची.

मग शिक्के. आकडे मारायचं यंत्र खटक्यासरशी पुढचा आकडा देतं. शीटवर एक, नोंदवहीत एक. आज बावीस झाल्या. गेल्या सोमवारी एकोणतीस होत्या, पण त्यात झुडपं जास्त होती, असं मावशी न विचारता सांगतात. वाळूच्या पिशव्या मोजतात. सुया मोजतात. सुई शीटांत राहिली तर गंजून डाग पडतो.

सायंकाळी ५.५०
बसला गर्दी आहे, पण नळ स्टॉपला खिडकीची जागा मिळते. मावशींच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो. शेजारची बाई जरा सरकते. उद्या पुन्हा पेपर बदलायचे आहेत. रद्दीवाल्याला फोन करायचा राहिला.

पदराशी काहीतरी टोचतं. त्या चष्मा वर करून शोधतात. सकाळचं कुसळ, पीळ घालून पार आतपर्यंत गेलेलं. नखाने हळूच उलटं फिरवत त्या ते बाहेर काढतात.

"हेटेरोपोगॉन," त्या म्हणतात, आणि खिडकीबाहेर टाकतात.